एका दिवसाची स्वारी, अठ्ठावन्न वर्षांची चाकरी : हंगेरियन सरदार आंद्राश हादिक

आपल्या मंडळाच्या बैठकीत मराठ्यांच्या घोडदळाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. झटकन येऊन खंडणी गोळा करायची आणि मोठी फौज येण्याआधी पसार व्हायचं, ही रीत फक्त आपलीच होती का? युरोपात सगळे रांगेत उभे राहून बंदुका झाडत आणि बँड वाजवत लढायचे, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. सिनेमांनी ते आणखी पक्कं केलं आहे. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी एका माणसापर्यंत पोचलो, आणि मग प्रश्न बाजूला राहिला, माणूसच डोक्यात बसला. त्याचं नाव आंद्राश हादिक. हंगेरीत आडनाव आधी लावतात, म्हणजे तिकडे तो हादिक आंद्राश. उच्चार ऐकाल तर 'हॉदिक'च्या जवळ जातो, पण आपण लिहायला सोपं तेच ठेवू.

काळ डोळ्यांसमोर आणायचा तर १७५७ हे साल धरा. जूनमध्ये प्लासी झाली. ऑगस्टमध्ये रघुनाथराव आणि आपले मल्हारराव होळकर दिल्लीत नजीबखानाशी भिडले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हा हंगेरियन सरदार काही हजार स्वार-शिपाई घेऊन प्रशियाच्या राजधानीच्या, म्हणजे बर्लिनच्या वेशीवर जाऊन उभा राहिला. खंडणी घेतली आणि दुसरा दिवस धड उजाडायच्या आत निघूनही गेला. दिल्लीच्या आणि बर्लिनच्या घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, तो ओढूनताणून जोडायचाही नाही. पण मल्हाररावांना हादिकची गोष्ट कोणी सांगितली असती, तर त्यातलं काहीच समजावून सांगावं लागलं नसतं, एवढं मात्र खरं.

हादिकचा जन्म १७१० मधला, तारीख १६ ऑक्टोबर. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल. घराणं खानदानी, पण मोठ्या जहागीरदारांतलं नव्हे. हंगेरीत उमरावांच्या दोन पायऱ्या होत्या. वर एस्टरहाझी, नादाश्दी अशी घराणी, ज्यांच्याकडे गावंच्या गावं. खाली हजारो लहान सरदार, ज्यांच्याकडे कुलचिन्ह असायचं, करमाफी असायची, आणि बऱ्याचदा एवढंच असायचं. हादिक या खालच्या पायरीवरचा. वडील मिहाय हे हुसार पथकातले अधिकारी. मुलाचं शिक्षण जेझुइट पाद्र्यांच्या शाळेत झालं आणि तो धर्मसेवेत जाणार असंच वाटत होतं. पण १७३२ मध्ये तो हुसारांत भरती झाला, अगदी तळाच्या अधिकारी दर्जावर.

हुसार म्हणजे काय, हे इथं थोडं सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. हुसार हे हंगेरीचं हलकं घोडदळ. तुर्कांच्या सरहद्दीवर दोनशे वर्षं रोजच्या चकमकी चालायच्या, त्यातून ते घडलं. चिलखत नाही. घोडा लहान चणीचा पण काटक, मिळेल त्या गवतावर दिवस काढणारा. खोगीर हलकं, लाकडी सांगाड्याचं. हातात वाकडी तलवार. एका खांद्यावर लोंबणारा फरचा आखूड डगला, त्याला 'मेंते' म्हणतात. थंडीत तो अंगात घालायचा, एरवी नुसता रुबाब. टेहळणी करायची, रसद तोडायची, पिछाडीवर छापा घालायचा, आणि शत्रू सावध झाला की दिसेनासं व्हायचं. आपल्या वाचकांना यात बारगीर-शिलेदारांची आठवण होईल आणि ती होऊ द्यायला हरकत नाही. फरक एवढाच की अठराव्या शतकात हॅब्सबर्ग बादशाहीनं या लोकांना पगारी, गणवेशातल्या, कायमच्या पलटणींत बसवलं. म्हणजे वृत्ती जुनी, पण हिशेबवही नवी.

आणखी एक गोष्ट. हंगेरियन सरदारानं व्हिएन्नाच्या दरबाराची चाकरी करावी, हे त्या काळी सरळसाधं नव्हतं. १७०३ ते १७११ या काळात राकोत्सीच्या नेतृत्वाखाली अर्धी हंगेरी हॅब्सबर्गांविरुद्ध उठली होती. बंडवाल्यांना 'कुरुत्स' म्हणत, बादशाही पक्षाच्यांना 'लाबांत्स', आणि हा दुसरा शब्द आजही तिकडे शिवीसारखा वापरतात. हुसार दोन्ही बाजूंना होते. राकोत्सीचा उजवा हात होता मिक्लोश बर्चेनी. बंड मोडल्यावर त्याचा मुलगा लास्लो फ्रान्सला गेला, तिथे १७२० मध्ये त्यानं स्वतःच्या नावाची हुसार पलटण उभी केली आणि १७५८ मध्ये तो फ्रान्सचा मार्शल झाला. हादिकच्या घराण्यानं उलट बाजू धरली. म्हणजे साधारण एकाच काळात दोन हंगेरियन सरदारपुत्र हुसारगिरीच्या जोरावर वर चढले, एक परागंदा होऊन आणि एक राजनिष्ठ राहून. त्यांच्यात हंगेरियन कोण जास्त, हा वाद तिकडचे लोक घालतातच. माझं मत विचाराल तर दोघंही आपापल्या मिठाला जागले.

हादिकची पहिली लढाई तुर्कांशी, १७३७ ते १७३९ मधली. ते युद्ध ऑस्ट्रियाला फार महागात पडलं, बेलग्रेड हातचं गेलं. लगेच १७४० मध्ये बादशहा सहावा चार्ल्स वारला आणि गादीवर त्याची तेवीस वर्षांची मुलगी मारिया तेरेसा आली. प्रशियाचा फ्रेडरिक दुसरा तयारच बसला होता. त्यानं सायलीशिया हा संपन्न प्रांत गिळला. सप्टेंबर १७४१ मध्ये मारिया तेरेसा पोझोनी इथं, म्हणजे आजच्या ब्रातिस्लाव्हात, हंगेरियन सरदारांच्या सभेपुढं गेली आणि सरदारांनी राणीसाठी प्राण आणि रक्त देऊ असं जाहीर केलं. नंतरच्या काळात लोकांनी त्याला टोमण्याची शेपटी जोडली, की प्राण देऊ, पण ओट देणार नाही. ओट म्हणजे घोड्याचा खुराक. गंमत सोडून द्या, घोडदळाच्या इतिहासात ओटाचा प्रश्न प्राणांपेक्षा लहान नसतो.

या वारसायुद्धात हादिक भराभर चढला. १७४४ मध्ये कर्नल, १७४७ मध्ये जनरल. लहान घराण्यातल्या माणसाला हे जमलं, कारण बादशाहीला हुसार हवे होते आणि हुसारांना हाताळता येणारे अधिकारी थोडेच होते. नंतर बवेरिया, नेदरलँड अशा आघाड्या. त्यात आपण अडकायला नको.

आता १७५७. आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये फ्रेडरिकनं सॅक्सनीवर हल्ला करून सप्तवार्षिक युद्धाला तोंड फोडलं होतं. १ ऑक्टोबर १७५६ ला लोबोझिट्सची लढाई झाली, तीत हादिक होता. पुढच्या मे महिन्यात प्रागजवळ ऑस्ट्रियाची हार झाली, पण १८ जूनला कोलीन इथं डाउन या सेनापतीनं फ्रेडरिकला पहिल्यांदा चांगलंच झोडपलं. शरद ऋतूपर्यंत फ्रेडरिक चारी बाजूंनी वेढला गेला. पश्चिमेकडून फ्रेंच आणि जर्मन संस्थानांची फौज, पूर्वेला रशियन, उत्तरेला स्वीडिश, आणि सायलीशियात ऑस्ट्रियाची मुख्य फौज. फ्रेडरिक स्वतः फ्रेंचांना अडवायला थुरिंजियाकडे गेला होता. बर्लिनच्या दक्षिणेला कोणी नाही, हे ज्याच्या ध्यानात आलं आणि ज्याला ते अंगावर घ्यावंसं वाटलं, तो हादिक.

लुसेशिया प्रांतात मार्शाल नावाच्या सेनापतीच्या हाताखाली हादिकचं पथक होतं. मुख्य सेनापती, लोरेनचा चार्ल्स, याची परवानगी मिळाली आणि ११ ऑक्टोबरला एल्स्टरवेर्डाहून त्यानं कूच केलं. सोबत हुसार, थोडं जड जर्मन घोडदळ, सरहद्दीवरचे क्रोएशियन पायदळ शिपाई आणि काही हलक्या तोफा. सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास. सरळ रेघेत अंतर सव्वाशे किलोमीटर. वाट जंगलातून, दलदलीतून, तळ्यांमधून. मोठे रस्ते टाळून जायचं, गावात बातमी पोचण्याआधी गाव मागे टाकायचं.

इथं हादिकनं केलेली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. निघताना घेतलेली सगळी फौज त्यानं बर्लिनला नेलीच नाही. परतीची वाट बंद होऊ नये म्हणून वाटेतल्या मोक्याच्या जागांवर त्यानं पथकं मागे ठेवली, म्हणजे पाच हजारांतलेही थोडे कमीच पुढे पोचले. शत्रूच्या राजधानीवर जाताना आपली संख्या आपणच कमी करायची, याला छाती लागते. पण त्याचा हिशेब साफ होता. बर्लिन घेऊन बसायचं नव्हतं. बर्लिनला जाऊन परत यायचं होतं. मग जाण्याइतकाच येण्याचा रस्ता महत्त्वाचा. मोहिमेच्या गोष्टी सांगताना आपण नेहमी जाण्याचं वर्णन करतो. परतीच्या वाटेवर नाक्यांवर बसून राहिलेल्या शिपायांची नावं कोणाच्या तोंडी नसतात, आणि त्यांच्याशिवाय हा छापा फसलाच असता.

१५ ऑक्टोबरला तो क्योनिग्स वुस्टरहाउझेनला पोचला, बर्लिन आता हाकेच्या अंतरावर. १६ ला सकाळी तो शहराच्या आग्नेय वेशीपाशी, सायलीशियन दरवाजासमोर उभा होता. तो दिवस रविवारचा होता, आणि त्याचा वाढदिवसही. सत्तेचाळीस पूर्ण.

बर्लिन तेव्हा लाखाहून जास्त वस्तीचं शहर. पण त्याचा तट लढाऊ नव्हता. जुनी तटबंदी पाडून टाकणं १७३०च्या दशकातच सुरू झालं होतं, आणि बाहेरून जी भिंत होती ती जकातीसाठी. काही भागात तर भिंतही नाही, नुसते लाकडी खांब. माल चोरून आत येऊ नये आणि भरती केलेले शिपाई पळून जाऊ नयेत, असा तिचा दुहेरी उपयोग. थोडक्यात सांगायचं तर जकात नाक्याला तोफेनं काय अडवणार? शहराचा कमांडंट रोखोव याच्यापाशी फौज होती, पण तिच्यात कच्चे आणि राखीव शिपाईच जास्त. राजा बाहेर, मुख्य सैन्य बाहेर.

हादिकनं निरोप पाठवला की खंडणी द्या, नाहीतर आत येतो. नकार मिळाला. मग तोफांनी दरवाजा फोडून त्याचे लोक आत घुसले आणि उपनगरात चकमक झाली. त्यात बाबोचाय नावाचा त्याचा एक जनरल प्राणघातक जखमी झाला. पण रोखोव गोंधळला होता. हादिकनं आपली माणसं अशी पसरून दाखवली की मागे मोठी फौज येते आहे असा समज व्हावा, आणि तो झाला. रोखोवनं राजघराण्यातल्या लोकांना घेऊन श्पांडाऊच्या किल्ल्याचा रस्ता धरला. राजधानी नगरपालिकेच्या मंडळींच्या हाती राहिली, आणि वाटाघाटी त्यांनाच कराव्या लागल्या.

आता घासाघीस. हादिकनं पहिल्यांदा मागितलेला आकडा मोठा होता. शेवटी दोन लाख थालरवर जमलं, आणि वर शिपायांना वाटायला म्हणून काही हजार वेगळे. ही वरची रक्कम नीट बघा. शिपायाला लूट हवी असते, पगार उशिरा येतो आणि समोर श्रीमंत शहर पडलेलं असतं. त्याला 'लुटू नको' एवढंच सांगून भागत नाही, लुटीच्या बदल्यात हातात काहीतरी ठेवावं लागतं. उपनगरात काही घरं लुटली गेलीच, त्याबाबत हादिकला धुतल्या तांदळासारखं ठरवायचं कारण नाही. पण स्प्रे नदीपलीकडच्या मुख्य शहरात त्यानं फौज घुसू दिली नाही. गल्लीबोळांत पांगलेला हुसार संध्याकाळी एकत्र येत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्यात दयेपेक्षा शिस्तीचा भाग जास्त होता असं मला वाटतं, पण बर्लिनकरांना फरक काय पडतो?

तेवढ्यात बातमी आली की डेसाऊचा राजपुत्र मोरित्स प्रशियन फौज घेऊन बर्लिनकडे धावतो आहे. हादिक थांबला नाही. रात्रीच त्याचे लोक निघू लागले आणि पहाटेपर्यंत बर्लिन मोकळं झालं. परतीला त्यानं आलेली वाट सोडून पूर्वेकडची धरली. मोरित्स पोचला तेव्हा हातात लागायला कोणी नव्हतं. शहरात हादिकचा मुक्काम पुरा एक दिवससुद्धा नव्हता.

आणि आता हातमोजे. हादिक म्हटलं की ही गोष्ट येतेच, न सांगितली तर वाचक रागावतील. खंडणी ठरवताना हादिकनं राणीसाठी दोन डझन जोड उंची हातमोजे मागितले, बर्लिनचे हातमोजे तेव्हा नावाजलेले होते. नगरच्या मंडळींनी ते बांधून दिले. व्हिएन्नात पेटी उघडली तर सगळेच्या सगळे डाव्या हाताचे! गोष्टीची वेगवेगळी रूपं मिळतात आणि दंतकथेला असते तशी तिची चाल आहे. पण अशी दंतकथा रुजते कुठं ते बघा. हरलेल्या शहराला थोडी तरी बाजी मारल्याचं समाधान हवं असतं. जिंकणाऱ्याचा सगळा हिशेब बरोबर आला, परतीची वाट बरोबर, वेळ बरोबर, पैसा बरोबर. मग कुठंतरी एक मोजणी चुकवायची, तीही राणीसमोर. बर्लिनकरांची ही गोष्ट हंगेरियन लोकही तितक्याच आवडीनं सांगतात, याचं मात्र मला कौतुक वाटतं.

या छाप्यानं युद्धात काय साधलं? इथं मोठे ग्रंथ दोन ओळींत पुढं जातात, पण प्रश्न थांबण्यासारखा आहे. बातमी कळताच फ्रेडरिक आपल्या फौजेचा एक भाग घेऊन बर्लिनच्या बाजूनं धावला. पश्चिमेकडचा दाब सैल झालेला बघून फ्रेंच सेनापती सुबीझ आणि त्याच्या सोबतची संस्थानी फौज पुढं सरकली. हादिक निघून गेल्याचं कळल्यावर फ्रेडरिक वळला आणि ५ नोव्हेंबरला रोसबाख इथं त्यानं याच पुढं सरकलेल्या फौजेचा दीड-दोन तासांत फडशा पाडला. सायड्लिट्झच्या घोडदळाचा तो प्रसिद्ध हल्ला याच लढाईतला. बरोबर महिन्यानं, ५ डिसेंबरला, लॉयथेनला ऑस्ट्रियाची मुख्य फौजही मोडली. म्हणजे हादिकचा छापा स्वतःपुरता चोख, पण त्यानं उघडलेल्या संधीचा उपयोग त्याच्या दोस्तांना करता आला नाही. उलट मित्रांना धीर देऊन तो त्यांना सापळ्याकडे घेऊन गेला, असं कोणी म्हटलं तर खोडून काढणं अवघड आहे. दोष हादिकचा नव्हे. छापा हा छापाच असतो, त्यामागे मोठी फौज वेळेवर हलली तरच त्याची मोहीम होते. पानिपताआधीच्या आणि नंतरच्या आपल्या मोहिमा अभ्यासणाऱ्यांना हे वाक्य ओळखीचं वाटेल.

तुलनेसाठी दुसरं बर्लिन बघा. तीन वर्षांनी, ऑक्टोबर १७६० मध्ये, रशियन आणि ऑस्ट्रियन फौजा एकत्र बर्लिनमध्ये घुसल्या आणि काही दिवस राहिल्या. त्या वेळी मागणी चाळीस लाख थालरची होती, गोत्स्कोव्स्की नावाच्या बर्लिनच्या व्यापाऱ्यानं मध्ये पडून ती पंधरा लाखांवर आणली. शार्लोटेनबुर्गचा राजवाडा लुटला गेला, पुतळे-चित्रं फोडली. रक्कम हादिकच्या कितीतरी पट. तरी व्हिएन्नात आणि हंगेरीत आठवण राहिली ती दोन लाखांचीच. त्या १७६० च्या स्वारीत कोण सेनापती होते, हे विचारलं तर जाणकारसुद्धा क्षणभर अडखळतात.

१७५८ मध्ये मारिया तेरेसानं हादिकला तिच्या नावाच्या नव्या लष्करी पदकमालेचा मोठा क्रूस दिला, आणि त्याच वर्षी तो घोडदळाचा जनरल झाला. या पदकाची अट मजेशीर होती. जे कृत्य एखाद्या अब्रूदार अधिकाऱ्यानं केलं नसतं तरी त्याला कोणी नावं ठेवली नसती, अशाच कृत्याला ते मिळायचं. बर्लिनवर गेला नसता तर हादिकला कोणी काही म्हणालं असतं का? लुसेशियात बसून पहारा देण्याचीच त्याला कामगिरी होती.

पुढची वर्षं तशी झळझळीत नाहीत. १७५९ च्या सप्टेंबरात मायसेनजवळ प्रशियाच्या फिंकनं त्याला मागे रेटलं. १७६२ मध्ये सॅक्सनीत राजपुत्र हेन्रीविरुद्ध त्याला थोडं यश मिळालं, पण तोवर युद्धच दमलं होतं. मोकळ्या रानात वेगानं हलणारा माणूस मोठ्या फौजा घेऊन खिंडी आणि डोंगर राखायला बसला की त्याची धार जाते. बऱ्याच चांगल्या स्वारांचं असं झालेलं आहे.

युद्ध संपलं, १७६३ मध्ये काउंटचा किताब मिळाला, आणि इथून हादिकचं दुसरं आयुष्य सुरू होतं. त्याच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. १७६४ मध्ये त्याला ट्रान्सिल्व्हेनियाचा कारभार सोपवला गेला. कधी? त्याच वर्षी जानेवारीत तिकडे भयंकर प्रकार घडला होता तेव्हा. ट्रान्सिल्व्हेनियातले सेकेय हे हंगेरियन बोलणारे, स्वतःला पिढीजात स्वतंत्र मानणारे लोक. त्यांना जबरदस्तीनं सरहद्द-पलटणींत भरती करायचं ठरलं. त्यांनी नकार दिला आणि ते मादेफाल्वा नावाच्या गावी जमले. ७ जानेवारीच्या पहाटे बादशाही फौजेनं त्या गावावर तोफा डागल्या. दोनशेच्या आसपास माणसं मेली. हजारो सेकेय कार्पेथियन डोंगर ओलांडून मोल्दावियात पळाले. जखम अशी ताजी असताना हादिक तिथं पोचला आणि १७६७ पर्यंत राहिला.

तोही बादशाहीचाच माणूस, सरहद्द-पलटणी त्यानं काही रद्द केल्या नाहीत. पण पळालेल्या लोकांची आठवण त्याच्यासोबत राहिली असावी, कारण ती पुढं कामाला आली. मधल्या काळात १७७२ च्या पोलंडच्या पहिल्या फाळणीत गॅलिशिया ऑस्ट्रियाकडे आलं, तिथं हादिक लष्करी ताबा घ्यायला आणि नंतर कारभार बघायला गेला. १७७४ मध्ये तो फील्ड मार्शल झाला आणि हॉफक्रीग्सराट, म्हणजे व्हिएन्नाच्या दरबारी युद्धमंडळाचा अध्यक्ष झाला. हे मंडळ १५५६ पासूनचं. त्याच्या अध्यक्षपदी बसणारा हादिक हा पहिला हंगेरियन. या खुर्चीवर तो मरेपर्यंत, सोळा वर्षं होता.

सोळा वर्षं म्हणजे काय ते जरा मनात आणा. भरती, गणवेश, दारूगोळा, बराकी, निवृत्तिवेतन, घोड्यांची खरेदी, सरहद्दीवरच्या वसाहती, हजारो फायली. ज्या माणसाची कीर्ती एका दिवसाच्या दौडीवर उभी आहे, त्यानं आयुष्याचा मोठा तुकडा टेबलाशी बसून काढला. आणि त्याच टेबलावरून सेकेयांचा प्रश्न पुन्हा आला. १७७५ मध्ये तुर्कांकडून बुकोविना ऑस्ट्रियाला मिळालं होतं, जमीन रिकामी पडून होती. मोल्दावियात पळालेल्या सेकेयांना माफी देऊन तिथं वसवायचं ठरलं. १७७६ पासून दहाएक वर्षांत त्यांची पाच गावं उभी राहिली. एकाचं नाव 'इश्तेनशेगित्श', म्हणजे देवा मदत कर. एकाचं 'फोगाद्यिश्तेन', म्हणजे देवा आमचा स्वीकार कर. तिसरं बादशहा योसेफच्या नावावरून योझेफफाल्वा. उरलेली दोन हादिकफाल्वा आणि आंद्राशफाल्वा. फाल्वा म्हणजे गाव. एका माणसाच्या नावाचे आणि आडनावाचे असे दोन तुकडे करून दोन गावांना दिलेले माझ्या तरी पाहण्यात दुसरे नाहीत. तोफांपुढून पळालेल्या लोकांनी बादशाही फील्ड मार्शलचं नाव आपल्या गावाला लावून घेतलं, यात लाचारी किती आणि कृतज्ञता किती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला दोन्ही दिसतात.

१७८७-८८ मध्ये पुन्हा तुर्कांशी युद्ध पेटलं. बादशहा योसेफ दुसरा स्वतः आघाडीवर गेला, आजारी पडून परतला. १७८९ मध्ये मुख्य फौजेचं सेनापतिपद कोणाला द्यावं, तर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हादिकला. ज्या तुर्की सरहद्दीवर पन्नास वर्षांपूर्वी सुरुवात केली तिथंच तो म्हातारा परत गेला. उन्हाळ्यात तोही आजारी पडला, सूत्रं लाउडॉनकडे गेली आणि ऑक्टोबरात बेलग्रेड घेतल्याचा मान लाउडॉनला मिळाला. पुढचं वर्ष या तिघांनाही लाभलं नाही. २० फेब्रुवारी १७९० ला योसेफ वारला, १२ मार्चला हादिक व्हिएन्नात गेला, आणि १४ जुलैला लाउडॉन.

हादिकला पुरलं ते फुताक इथं. डॅन्यूबकाठची ही त्याची जहागीर, तिच्यावरूनच त्याचा पूर्ण किताब 'फुताकचा काउंट' असा होता. आज ते गाव सर्बियात नोवी साद शहराला लागून आहे, फुतोग म्हणतात, आणि कोबीसाठी प्रसिद्ध आहे.

हंगेरियन भाषेत धाडसी, झटपट डावाला 'हुसारवागाश' म्हणजे हुसाराचा वार असं म्हणतात, आणि त्या शब्दासोबत हादिकचं चित्र येतं. बुडापेस्टला बुडाच्या किल्ल्यावर, उरी रस्त्याच्या तोंडाशी त्याचा घोड्यावरचा पुतळा आहे. १९३७ साली धाकट्या ग्यॉर्ग वाश्ताघनं केलेला, तिसऱ्या हुसार पलटणीच्या स्मरणार्थ, कारण ती पलटण हादिकच्याच नावाची. पुतळ्यात तो ऐटीत बसलेला नाही. खोगिरात जरा सैल, घोडाही उधळलेला नाही, दौड मारून आल्यावर दोघं दम घेताहेत असं वाटतं. या पुतळ्याची एक चावट ख्याती आहे. घोड्याचा एक विशिष्ट अवयव पिवळाधमक चकाकत असतो, बाकी सगळा पुतळा काळपट. परीक्षेआधी तिथं हात लावला की नशीब फळफळतं अशी इंजिनीअरिंगच्या पोरांची श्रद्धा. हादिक कोण हे त्यातल्या बऱ्याच जणांना नीट माहीत नसावं, पण घोडा पक्का माहीत असतो.

हादिकफाल्वाचं काय झालं तेही सांगतो. तिथले सेकेय १९४१ पर्यंत तिथंच होते. मग हंगेरियन सरकारनं त्यांना सगळ्यांना उचलून बाच्का प्रांतात आणून वसवलं, म्हणजे फुताक ज्या भागात येतं त्याच भागात. साडेतीन वर्षंही झाली नाहीत तोच १९४४ च्या ऑक्टोबरात आघाडी जवळ आली आणि गाड्या जुंपून त्यांना पुन्हा पळावं लागलं. शेवटी ते दक्षिण हंगेरीत, मुख्यतः तोल्ना भागात स्थिरावले. जुनं गाव आज रोमानियात आहे, त्याचं नाव दोर्नेश्ती. तोल्नात मात्र त्यांची नातवंडं-पतवंडं अजून सांगतात, आम्ही हादिकफाल्वाचे.